सगळ्यांत ज्युनिअर नवरी

उरलेली सीट कर्मचाऱ्याला फुकट, म्हणून विमानकंपनीत सामान चढवणारी डार्सी स्वतःच्या लग्नालासुद्धा तिकीट न काढता रीनोला निघाली. डेन्व्हरच्या बर्फाने दोन विमानं रद्द केली. तिसऱ्यात सीट उरली एकच. ती नोकरीत सर्वांत जुन्याला मिळते. यादीत पुढे अकरा वऱ्हाडी सहकारी, शेवटी नवरी. “नवरीला सोडा की!” वऱ्हाड ओरडलं. “जमायचं नाही. पुढच्यांनी आपापलं नाव काढावं,” काउंटरवरची लोर्ना म्हणाली. दहा जणांनी हसत काढलं. उरला वर्न. अडतीस वर्षांत त्याने कॅन्टीनच्या रांगेतही ज्युनिअरला पुढे जाऊ दिलं नव्हतं. शिवाय बाप नसलेल्या डार्सीला हात धरून चर्चमध्ये तोच नेणार होता. “तुम्ही नसाल तर मी कुणाचा हात धरू?” त्याने पेन उचलताच डार्सी रडवेली झाली. “नवऱ्याचा,” वर्नने नाव खोडलं. “आणि त्याला पहिल्याच दिवशी सांग, घरात सीनियर तू.”