हँबर्गहून आलेली कात्रणं

"मनातल्या मनात वाचू नकोस," उपेल म्हणाली. "मोठ्याने सांग."

तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिचा नवरा एमिल चुलीजवळच्या स्टुलावर बसला होता, हातात जर्मन वर्तमानपत्राचं कात्रण. किर्गिझस्तानात नारिन नदीच्या वरच्या अंगाच्या त्या गावात जर्मन येणारा तो एकटाच. शाळेत तीच भाषा शिकवायचा.

गेल्या उन्हाळ्यात रेनाटे नावाची बाई ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन हँबर्गहून आली होती. वरच्या कुरणावर उपेलच्या लोकरी नमद्याच्या तंबूत राहिली आणि उपेलने स्वतः रचलेली, कोमुझ या तीन तारांच्या वाद्यावर गायलेली गाणी घेऊन गेली. आता त्या गाण्यांची सीडी तिकडे निघाली होती. समीक्षकांनी काय लिहिलं, ते टपालाने येत होतं.

"आवाज कच्चा आहे म्हणतायत," एमिल म्हणाला.

"कच्चा म्हणजे? मटणासारखा?"

"म्हणजे शिकलेला नाही."

"खरंच आहे की. मला शिकवलं कुणी? मेंढ्यांनी." ती हसली. "पुढे?"

"गाणी एकसारखी वाटतात. आणि कोमुझ..." त्याने घसा खाकरला. "जेमतेम वाजवते."

उपेलचे हात पिठात थांबले. कोमुझला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"शेवटी एवढं लांबलचक काय लिहिलंय?"

"काही नाही. नेहमीचंच."

जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगायला त्याची जीभ रेटेना. कान तापले. त्याने कात्रणाची घडी केली आणि चुलीत सरकवली.

दुसऱ्या दिवशी पंपावर शेजारच्या बुरुलने त्याला गाठलं. "काय भाऊजी, तिकडचे लोक काय म्हणतायत आमच्या उपेलबद्दल?"

"झोडपलंय," तो पुटपुटला.

"अरे देवा. मग घरी जरा फिरवून सांगा. नवरा कशाला असतो?"

"फिरवूनच सांगतो," एमिल म्हणाला आणि बादली अर्धी भरलेली असतानाच उचलून चालू लागला.

हिवाळाभर कात्रणं येत राहिली. तो वाचायचा, उपेल ऐकायची. आधी ती वाद घालायची, मग नुसती मान डोलवायची, मग विचारेनाशी झाली. बुरुलच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बुरुल हक्काने उपेलला लग्नात गायला सांगायला आली.

"कॅसेट लाव गं," उपेल म्हणाली. "लोकांनी ऐकून नाकं मुरडलीत. पोरीच्या लग्नात कशाला ते रडगाणं?"

"मेले ते परके. त्यांना काय कळतंय?"

"कळतं म्हणून तर लिहितात."

बुरुल गेल्यावर तिने कोमुझ पिशवीत घातलं आणि उंच खुंटीला टांगलं. एमिल टोपी न घालताच बाहेर गेला आणि अंगणातल्या बर्फात उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी ती रेडिओवर गायला राजधानीत, बिश्केकला गेली होती. तेव्हाचे दिवस त्याने भिंतीकडे बघत एकट्याने चहा पीत काढले होते. आता ती घरात होती, डोळ्यांसमोर होती, आणि गात नव्हती.

तो आत आला तेव्हा तिने त्याचे गार हात आपल्या हातात घेतले.

"एक विचारू? तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस. वाचताना तुझा चेहरा बघते मी."

एमिल हात सोडवून बुटांवरचं बर्फ झटकू लागला.

"तू सांगतोस त्याहून वाईट लिहिलेलं असतं ना?"

"उपेल, मी..."

"नको, राहू दे. मला जपायला तू खोटं बोलतोस आणि स्वतः वाळत चाललायस. मलाच शरम वाटते रे. पण खरी शरम त्या रेनाटेची वाटते. बिचारीने आपल्या घरचं मीठ खाल्लं, माझ्यावर भरवसा ठेवला, आणि माझ्यापायी लोक तिला हसले."

त्या क्षणी तो सगळं सांगून टाकणार होता. ओठांपर्यंत आलं होतं. पण तिने त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली, स्वतः शेजारी बसली, आणि त्याने वाटी तोंडाला लावली.

जूनमध्ये, काही न कळवता, रेनाटे पुन्हा आली. जीपमधून उतरली ती थेट उपेलच्या गळ्यातच पडली. उपेल दगडासारखी उभी. आत बसल्यावर रेनाटेने पिशवीतून एक वर्तमानपत्र काढून तिच्यासमोर पसरलं. अर्ध्या पानावर उपेलचाच फोटो होता.

उपेलने रुमालाच्या पदराने तोंड झाकलं. "एवढा मोठा फोटो टाकून?" ती एमिलला म्हणाली. "आणि ही बाई तरी हसतेय बघ. किती मोठं मन."

रेनाटे भरभर बोलत होती. मध्येच तिने उपेलचा हात धरला आणि एमिलकडे पाहिलं.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, मनाला लावून घेऊ नकोस. असं होतं कधी कधी."

उपेलला राहवलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, छातीवर हात ठेवला आणि रडत रडत म्हणाली, "तिला सांग, माझ्यामुळे तुझी मान खाली गेली, मला माफ कर. पुन्हा कधी परक्यांसमोर गाणार नाही म्हणावं. माझे शब्द आहेत तसे सांग. यातलं काही फिरवू नकोस."

एमिलने मान हलवली. कपाळावर घाम आला होता, तो त्याने बाहीने पुसला. मग खाली गालिच्याकडे बघत, वर्गात बोलतो तशा स्वच्छ जर्मनमध्ये तो रेनाटेला म्हणाला, "ती म्हणते, तुमच्या सगळ्या वर्तमानपत्रांनी तिला एवढं डोक्यावर घेतलं, तिला आनंदाने रडू आवरत नाहीये, पण बर्लिनला आणि पॅरिसला गायला आता पुन्हा बोलावू नका, घर सोडून तिला कुठेही यायचं नाही."