डोहाळजेवणाचा चुडा

"हे मूल नाही, अंडाशयावरची पाण्याची गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान गाठ आपोआप जिरते, तिला आम्ही हातही लावत नाही. पण ही फार वाढली आणि तिला पीळ पडलाय. लगेच काढायला हवी." अंथुर्ण्याहून बैलगाडीनं बारामतीला आणलेली अनसा कळांनी तळमळत होती. तिची सासू कुशाबाई हबकलीच. गेल्याच महिन्यात सुनेचं डोहाळजेवण थाटात झालं होतं. तेव्हा विधवा म्हणून ती स्वतः परसात बसून होती. त्या दिवशी भरलेला हिरवा चुडा नर्स उतरवू लागली, तशी अनसानं मुठी आवळल्या. "आत्याबाई, चुडा भुईला टेकला तर धन्याचं काय व्हईल?" "टेकू देतंय कोण?" कुशाबाईनं तेलाचं बोट लावून एकेक बांगडी सोडवली. "बरी हो, आन् माघारी घे," म्हणत तिनं चुडा आपल्या बारा वर्षं बोडक्या मनगटांत चढवला.