धुराचा माग

थायलंडमधल्या चिआंग माई शहरावर धुराची चादर पसरली होती. उपग्रहाच्या चित्रांवरून धूर कुठून येतोय हे शोधायचं काम मालिवनचं. या वेळी तिची चार वर्षांची लेक फाई हीच ऑक्सिजनवर होती, म्हणून दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसूनच ती लॅपटॉपवर एकेक चित्र मागे जात धुराचा माग काढत होती. बाबांना उगाच काळजी नको म्हणून तिनं गावी काहीच कळवलं नव्हतं.

धुराची करडी पट्टी निमुळती होत एका डोंगरापाशी संपली. पायथ्याला तिचंच माहेर होतं. तिनं घाईनं फोन लावला.

"बाबा, घरामागचा डोंगर पेटलाय! आधी बाहेर पडा!"

"अगं, ओरडतेस काय? मीच पेटवलाय," बाबा हसले. "आग आटोक्यात आहे."

"तुम्ही? कशासाठी?"

"हे तू विचारतेस? शहरात राहून सगळं विसरलीस की काय! जमीन भाजल्याशिवाय अळंबी कुठली फुटायला? गेल्या साली टोपलीभर पाठवली, तर तूच म्हणालीस, 'बाबा, एवढीशीच? फाईनं एकटीनं फस्त केली. पुढच्या वेळी जास्त पाठवा.' म्हणून यंदा अख्खा उतार पेटवला. दे बघू माझ्या नातीला फोन."



ऑक्सिजनच्या नळीला धक्का लागणार नाही अशा बेतानं मालिवननं फोन लेकीच्या कानाशी धरला. फाईच्या डोळ्यांत बघायचं धाडस मात्र तिला झालं नाही.