खरी पणजी

आयर्लंडातल्या एनिस गावच्या ग्रंथालयात जुन्या जनगणनेचे कागद बघता बघता फिलोमेनाबाई चक्रावल्या. पणजी होनोरा १९०१ साली एकोणपन्नास वर्षांची आणि १९११ साली चक्क सत्तरची!

"ही कुणीतरी दुसरीच होनोरा दिसतेय," त्या म्हणाल्या.

"तीच हो!" टेबलापलीकडचा पांढऱ्या मिशांचा, देखणा ग्रंथपाल कोलमन हसला. "मधे सरकारनं सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू केलं. जन्माचे दाखले होते कुणाकडे? आयर्लंडातल्या निम्म्या बायका रातोरात म्हाताऱ्या झाल्या!"

"शी! सरकारी कागदावर खोटं वय? आमच्या घराण्यात असलं कुणी करणार नाही. ही आमची नव्हेच!"

"बरं, राहिलं. मग तुमची खरी पणजी शोधू. एवढा अर्ज भरा आणि ओळखपत्र जोडा."

फिलोमेनाबाई केस सारखे करत त्याच्याकडे बघून गोड हसल्या आणि अर्ज भरून त्यांनी पुढे सरकवला.

 

कोलमननं अर्जावरचं 'वय ५८' वाचलं, सोबत जोडलेला, सहासष्टीनंतरच मिळणारा फुकट बसपास उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "अभिनंदन! होनोरा तुमचीच पणजी."