ओरेस्तेचा कान

"हाही अर्ध्या सुराने खालीच गायला," ओरेस्ते पुटपुटला.

तिसरा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा गायक, गाऊन नुकताच आत गेला होता. खाली मखमली खुर्च्यांमधून टाळ्यांचा पाऊस पडत होता. सगळ्यात वरच्या सज्जात मात्र एकही हात हलला नाही. इटलीतल्या पार्माच्या ऑपेरागृहात वरच्या लाकडी बाकांनी मान डोलावल्याशिवाय गायक पास होत नाही, आणि बाकांवरची माणसं आधी ओरेस्तेकडे बघतात. पियानो जुळवण्यात त्याचा जन्म गेला होता. उंच सूर झेपत नाही म्हणून कुणी गाण्याची पट्टी चोरून उतरवली, तर त्याला पहिल्या ओळीतच कळायचं.

"मास्तर, तिघंही खाली?" शेजारचा ब्रेन्नो पाववाला म्हणाला. "आणि सुरुवातीला वाद्यं जुळवली ती?"

"तीही. अख्खा वाद्यवृंद उतरवून ठेवलाय, पुढे येणाऱ्या दानिलोला झाकायला. सगळेच खाली गायले की एकट्याची लबाडी दिसत नाही. मला शिकवतात!"

ब्रेन्नोने मान डोलावली, पण जरा उशिराच.

ओरेस्तेच्या बायकोने, दीर्चेने, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "घे आधी. गालातली कळ उठली तर गाणाऱ्यापेक्षा तुझाच आवाज चढेल." वीस वर्षांनी ते दुखणं चार दिवसांपूर्वी पुन्हा उपटलं होतं. डॉक्टरांनी गोळ्याही तेव्हाच्याच दिल्या होत्या. ओरेस्तेने तोंड वाकडं करून गोळी गिळली.

आता दानिलोची पाळी होती. हा इथल्याच गल्लीतला पोरगा. त्याचा बाप एर्मेस तीस वर्षं ओरेस्तेच्या उजव्या हाताला बसायचा. एर्मेस जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याची उशी अजून बाकावर होती आणि तिथे कुणी बसत नसे. वीस वर्षांपूर्वी याच रंगमंचावर दानिलोची पहिली मोठी रात्र होती. गाणं संपलं, ओरेस्ते उभा राहिला आणि ओरडला, "अर्धा सूर खाली! आम्ही काय बहिरे आहोत?" मग सज्जाने हेटाळणीच्या शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पट्टी मूळचीच होती, असं वाद्यवृंदाचा संचालक शपथेवर सांगत होता, पण त्याचं कोण ऐकतो! दानिलोने बापाचे पाय धरले. एर्मेस एवढंच म्हणाला, "ओरेस्तेचा कान चुकत नाही." त्याने पोराला दार बंद केलं ते कायमचं. माझ्या शवपेटीला त्याचा खांदा लागता कामा नये, असंही सांगून गेला.

ही गोष्ट ओरेस्ते चारचौघांत सांगायचा. "पोटच्या पोरापेक्षा माझ्या कानावर भरवसा!" सांगताना त्याची छाती फुगायची.

दानिलोची आई झेलिंदा दोन बाकं पुढे बसली होती. तिच्या दुकानातून ओरेस्ते दर शनिवारी हॅम घ्यायचा. ती पातळ, नीट कापून द्यायची. वीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

दानिलो गायला. केस पिकले होते, आवाज मात्र भरून आला होता. शेवटचा उंच सूर त्याने धरला आणि असा सोडला की ब्रेन्नोच्या तोंडून "देवा!" निघून गेलं.

ओरेस्तेच्या कानात तो सूर अर्ध्याने खाली होता.

तो उठला. सगळा सज्जा त्याच्याकडे वळला. आज नुसतं ओरडायचं नाही, पुरावा द्यायचा, असं त्याने ठरवलंच होतं. त्याने कोटाच्या खिशातून आपल्या बापाचा, सूर तपासायचा पोलादी नादकाटा काढला. तो वर्षानुवर्षं तिथे नुसता पडून असायचा. असा कान असताना काटा कशाला? त्याने काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

काटाही अर्ध्या सुराने खाली होता.

त्याने पुन्हा आपटला. पुन्हा तेच. गायक लबाडी करील, संचालक करील, पण पोलाद कुणासाठी लबाडी करणार? चार दिवस कॅथेड्रलच्या घंटाही त्याला बसक्या वाटत होत्या. धुक्यामुळे असेल, असं तो म्हणाला होता.

"दीर्चे," तो बायकोकडे वळला. "दानिलोच्या त्या रात्री मी या गोळ्या घेत होतो?"

"म्हणजे काय! तीन दिवस अंथरुणात होतास. नको जाऊ म्हणत होते, तर अंगावर आलास माझ्या."

म्हणजे तेव्हाही त्याचा कान या गोळ्यांनीच उतरवला होता. खाली दानिलो मान वर करून उभा होता. झेलिंदाने मागे वळून वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. नुसती टाळी वाजवून बसला असता तरी भागलं असतं. कुणाला काहीच कळलं नसतं.

"मूळ पट्टी!" ओरेस्ते ओरडला. "आज मूळ पट्टी, आणि त्या रात्रीही मूळ पट्टी! दानिलो, तू बरोबर होतास! माझा कान बिघडला होता!"

सज्जा पेटला. बाकं बडवली गेली, ब्रेन्नो रडायला लागला, खाली दानिलोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओरेस्तेच्या गालांवरून पाणी वाहत होतं. डोंगर उतरल्यासारखं वाटलं त्याला. तो धडपडत दोन बाकं उतरला आणि त्याने झेलिंदाचा हात धरला. "मी सांगितलं, झेलिंदा. सगळ्यांसमोर सांगितलं."

तिने हात सोडवून घेतला नाही. त्याच्या खांद्यावरून ती मागे, बाकावरच्या उशीकडे बघत होती.

"छान ओरडलास," ती म्हणाली. "आता एर्मेसला ऐकू जाईल असं ओरड."