सात पावलं

"साहेब, हॉल एवढा बारका काऊन काढून राहिले? माणसं बसतीन कुठं?" आपल्या नव्या घराचा नकाशा पाहत गुड्डूने चौथ्यांदा विचारलं.

"दारापासून खाट साडेदहा फुटांवरच पाहिजे," भूपेंद्रने चौथ्यांदा सांगितलं. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे सेट रोज उभारून आणि रोज उखडून तो थकला, म्हणून आर्किटेक्ट झाला. आता एकेका भिंतीसाठी महिनाभर भांडावं लागत होतं.

वास्तूच्या दिवशी गुड्डूने आईला हात दिला. कुंदाबाईंची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती.

"सोड बापा," म्हणत त्यांनी उंबरा ओलांडला, सात पावलं टाकली आणि बरोब्बर खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, "भूपेंदर, हे तं आपल्या नाटकातलं घर होय."

"मंचावर चौदा फूट होतं, मावशी. आता तुमचं पाऊल दीड फुटाचं झालं, म्हणून घर आखूड केलं."

गुड्डूने पुढे केलेला हात मागे घेतला.

नाटकात कुंदाबाई आई व्हायच्या; शेतावरून दमून आलेली ती आई खाटेवर बसायची आणि उजवीकडचा रिकामा तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायची. कुंदाबाईंचा हात आपसूक उजवीकडे गेला. तांब्या तिथेच होता. त्यांनी तो सवयीने पुरता उपडा केला, आणि सगळं लुगडं भिजलं.

"अवो माय," त्या दचकून म्हणाल्या, "यात तं खरंच पानी हाय!"