टाकीवरचं कुंकू

भाटघरच्या अलीकडं गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.

गेनबानं किक मारली. पुन्हा मारली. पुढच्या किकेला पायातली चप्पल उडाली आणि भाताच्या खाचरात जाऊन पडली. मागच्या सीटवरून उतरलेल्या रत्नानं, म्हणजे त्याच्या सुनेनं, ती गुमान आणून दिली. हसू दाबायला तिला ओढणी तोंडात कोंबावी लागली.

गाडी रत्नाचीच. लग्नाआधी नर्सच्या पगारातून घेतलेली. लग्न झालं आणि गाडी घरची झाली. घरची म्हणजे नवऱ्याची, स्वरूपची. बायकोची वस्तू घरची आणि घरची वस्तू पुरुषाची, हे गणित आपल्याकडं शाळेत न गेलेल्यालाही येतं. रत्नाला उरले सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी वेल्ह्याच्या दवाखान्यात ड्युटी, आणि त्या वेळेला एसटी नाही. बाकीचे दिवस स्वरूपचे. त्याची ड्युटी चौकात रिकामं उभं राहण्याची.

पण गाडीला हे गणित मान्य नव्हतं. दसऱ्यापासून ती रत्नाच्या दिवशी हसत घाट चढायची आणि स्वरूपच्या दिवशी दोन कोसांत मान टाकायची. भोरच्या कुमार मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, कॉइल नवी टाकली. त्याच्या दारात ती वाघासारखी गुरगुरायची. दारातून हलली की पुन्हा मांजर. उत्रोलीतल्या शहाण्यांनी निदान केलं की बाईचा हात लागला आणि इंजिन नासलं. सासू ठकुबाईनं तर दसऱ्याच्या पूजेपासूनच टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेलं कुंकू लावायचं व्रत घेतलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला तसं कुणी काहीच विचारत नव्हतं. पासलीला माहेरी सोडा म्हणून ती अकरा वर्षं बापलेकांना म्हणत होती, आणि दोघंही अकरा वर्षं 'बघू' म्हणत होते.

काल गावातल्या चिमाजीच्या चहाच्या टपरीवर भरल्या लोकांत गेनबानं डरकाळी फोडली. उद्या रविवार, मी स्वतः चालवणार, सुनेला मागं बसवणार, भाटघरला जाऊन येणार. नाही पडली बंद, तर खोट सुनेच्या हाताची. मग तिनं गाडीला शिवायचं नाही, नोकरी सोडून घरी बसायचं. पडली बंद, तर गाडी कायमची तिची.

आता ती तीनदा पडली होती. पण पुरुषाचा शब्द रबराचा असतो. पहिल्यांदा गेनबा म्हणाला होता, गाडी दम खातीया. दुसऱ्यांदा, वारा उलटा हाय. दोन्ही वेळा त्यानं झाकण उघडून काठोकाठ पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू झाली आणि त्याची छाती फुगली. यावेळी उघडायचं विसरून तो खाली बसून प्लगची वायर ओढत होता.

झाकण रत्नानं उघडलं. आतून 'सुस्स' असा आवाज आला. बाहेरचा वारा टाकीनं अधाशासारखा आत ओढला. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीला हवेची सुई टोचणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. तिनं झाकण उलटं-सुलटं केलं. मधलं टाचणीएवढं भोक कुंकवानं गच्च लिंपलेलं. वाराच आत जाईना, तर पेट्रोल खाली उतरणार कसं?

तिनं अंबाड्यातली पिन काढली, भोक कोरलं, लालभडक खपली रस्त्यावर झटकली. तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ता सांगितलं तर गाडी दुरुस्त होणार. दुरुस्त झाली की स्वरूपची होणार. पिन अंबाड्यात परत गेली.

"मामा, मागं बसा," ती म्हणाली.

"लोकं काय म्हणतील?"

"चालत गेलात तर जास्त म्हणतील."

एका किकेत गाडी सुरू झाली. रत्नानं अ‍ॅक्सिलरेटरचा जो कान पिळला, तो थेट उत्रोलीतच सोडला. मागं गेनबा एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं सून धरू की नको अशा पेचात डुलत होता. भोरच्या स्टँडवर त्यानं टोपी नाकापर्यंत ओढली. चिमाजीच्या टपरीवर सगळे चहा हातात घेऊन उभे राहिले. चिमाजीनं विचारलं, गेनबा, मागची शीट मऊ हाय का रं?

गेनबानं उतरून चावी तिच्या हातावर आदळली. "घे. तुझ्यावानीच हट्टी हाय ही. तूच संबाळ."

जिंकली, पण रत्नाला चैन पडेना. गप्प बसणंही तिला डोक्यातल्या पिनेसारखं टोचत होतं. संध्याकाळी ती चुलीपाशी गेली आणि सासूला हळूच सगळं सांगितलं. म्हणाली, आत्या, तुमचा दोष नाही, तुम्ही भक्तीनं लावता, पण त्या कुंकवानं भोक बुजतं.

ठकुबाई डब्यातून बरणीत तेल ओतत होती. डब्याच्या पत्र्याला खिळ्यानं पाडलेली दोन भोकं. एकातून धार लागलेली. तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. धार तुटली. बोट उचललं. धार पुन्हा लागली.

"एक तेल यायला, एक वारा घ्यायला," ती मान वर न करता म्हणाली. "चाळीस वर्सं डबं फोडतीया म्या."

रत्नाचा हात आपोआप अंबाड्यातल्या पिनेकडं गेला.

"उद्या सोमवार. टाकी पुसून ठिवलीया, तुझ्या डुटीच्या दर दिवशी ठिवते तशी. जाताना मला फुडं पासलीला सोड."